मडक्यावरची सही

'मी चिखलोलीला राहतो,' असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघतो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे आमचं हे गाव. नावातच चिखल असल्यामुळे पावसाळ्यात आम्हांला तक्रारीला जागाच उरत नाही. पाहुणे घोट्यापर्यंत बरबटून येतात आणि 'नाव सार्थ आहे हो गावाचं!' असं म्हणत आमच्याच बादलीतल्या पाण्यानं पाय धुतात.

पण चिखलाला इतकं हलकं लेखू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात, अथेन्स शहरात, कुंभारांची एक आळी होती. ग्रीक भाषेत कुंभाराच्या मातीला 'केरामोस' म्हणत, म्हणून त्या आळीचं नाव 'केरामेइकॉस'. त्याच शब्दाचा नातू म्हणजे आपल्या टाइलवाल्याच्या पाटीवरचा 'सिरॅमिक'. म्हणजे बघा, अथेन्सच्या चिखलोलीचं नाव आज जगातल्या प्रत्येक बाथरूमपर्यंत पोचलं आहे. आमच्या चिखलोलीचं नाव अजून रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागतं.

बँकेतल्या कारकुनाला अथेन्सची आळी कुठून ठाऊक, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या लेखी इतिहासाचे दोनच कालखंड, मागील बाकी आणि चालू बाकी. पण आमची कन्या यंदा नववीत आहे, आणि तिला शाळेतून प्रकल्प मिळाला : 'प्राचीन ग्रीकांची चित्रित मृद्‌भांडी व त्यांवरील पुराणकथा'. प्रकल्प मुलांना मिळायचा आणि आईबापांनी करायचा ही आपल्याकडची जुनी रीत. आईनं 'मला पोळ्या करायच्यात' म्हणून अंग काढून घेतलं. मग मी वाचनालयातून चार जाडजूड पुस्तकं आणली आणि रोज सकाळच्या लोकलमध्ये, एका पायावर उभा राहून, ग्रीक मडकी वाचू लागलो. चौथ्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारलं, "रिटायर होऊन माठांचं दुकान टाकताय का? भांडवल किती लागतं?"

भांडवल खरोखरच फार लागत नसे. त्या मडक्यांवर जो तुकतुकीत काळा रंग दिसतो तो मुळी रंगच नव्हे. ती तीच माती. पाण्यात कालवायची, जाडंभरडं खाली बसू द्यायचं आणि वरची बारीक साय घेऊन तिनं चित्र काढायचं. मग भट्टी. आधी भट्टीत हवा मोकळी सोडायची की सगळं मडकं लाल होतं. मग हवा कोंडायची, ओला लाकूडफाटा टाकायचा, की सगळं काळं होतं. शेवटी पुन्हा हवा सोडायची. आता साधी माती परत लाल होते, पण सायीचा थर तोवर काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्यात हवा शिरत नाही आणि तो काळाच राहतो. एक माती, एक भट्टी, आणि एक भाग लाल तर एक काळा! आमच्या बँकेत एकाच दिवशी लागलेल्या दोघांपैकी एक मॅनेजर होतो आणि दुसरा जन्मभर काउंटरवर राहतो, तो हाच प्रकार. दोघांत फरक कोंडलेल्या हवेचा.

आणि चित्रं तरी कसली? कुठे हेराक्लीस सिंहाची मान आवळतोय, कुठे थीसिअस बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला लोळवतोय. आपल्याकडे जे देवळाच्या भिंतीवर असतं ते त्यांच्याकडे तेलाच्या कुपीवर, पाण्याच्या घड्यावर आणि दारूत पाणी मिसळायच्या मोठ्या भांड्यावरसुद्धा असे. दारू पिता पिता पुराण! आपल्याकडे या दोन गोष्टी एका घरात असू शकतात, एका भांड्यात नाही.

त्यातलं एक चित्र मला फार आवडलं. इसवी सनापूर्वी ५४० च्या सुमाराचा एक्सेकिआस नावाचा कारागीर. त्याचा एक घडा रोमला व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्यावर ट्रॉयच्या लढाईतले दोन महारथी, अकिलीस आणि एजॅक्स, समोरासमोर बसून सोंगट्यांसारखा खेळ खेळताहेत. अंगात चिलखत, हातात भाले, पण लक्ष सगळं पटावर. अकिलीसच्या तोंडाजवळ लिहिलंय 'चार', एजॅक्सच्या तोंडाजवळ 'तीन'. बस्स. एवढंच दान. बघणाऱ्या ग्रीकाला पुढचं सगळं माहीत असे. अकिलीस लढाईत मरणार. त्याचं प्रेत एजॅक्सच खांद्यावरून आणणार. मग अकिलीसच्या शस्त्रांवर खरा हक्क एजॅक्सचा असताना ती ओडिसिअसला मिळणार, आणि तो अपमान सहन न होऊन एजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडून जीव देणार. सीनिऑरिटी डावलल्याचं दुःख काय असतं ते आम्हां बँकवाल्यांना कुणी वेगळं समजावून सांगायला नको. एक्सेकिआसनं यातलं काही दाखवलं नाही. त्यानं फक्त 'चार' आणि 'तीन' लिहिलं आणि हरणारा कोण हे मडक्यावर कायमचं नोंदवून ठेवलं.

आणि सही ठोकली : 'एक्सेकिआसनं मला घडवलं आणि रंगवलं.'

'मला' म्हणजे मडक्याला. मडकंच बोलतंय! इथे मी लोकलमध्ये 'वा!' म्हणालो आणि बसलेले दोघं दचकून उठले, त्यामुळे मला बसायला मिळालं.

सह्यांची ही खोड त्या आळीत पुष्कळांना होती. फ्लॉरेन्सला एक मोठं भांडं आहे, इसवी सनापूर्वी ५७० च्या सुमाराचं. त्यावर माणसं, देव, घोडे मिळून सुमारे २७० आकृती आहेत आणि कुंभार एर्गोतिमोस व चित्रकार क्लेइतिआस या दोघांनी त्यावर आपली नावं दोनदा लिहिली आहेत. बहुधा एक ओरिजिनल आणि एक ऑफिस कॉपी. दुसरा एक युथिमिडीस म्हणून होता. त्याचा घडा म्युनिकला आहे. त्यावर तीन झिंगलेले गडी नाचताहेत, आणि बाजूला या पठ्ठ्यानं लिहिलंय : 'युफ्रोनिऑसला असं कधीच जमलं नाही!' युफ्रोनिऑस म्हणजे त्याच्याच गावचा दुसरा चित्रकार. अडीच हजार वर्षं झाली, राज्यं बुडाली, देव बदलले, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाविषयीचं मत शाबूत आहे.

बिचाऱ्या युफ्रोनिऑसचा सूड नियतीनं उगवला. त्यानं रंगवलेलं एक भांडं १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं सुमारे दहा लाख डॉलरना घेतलं. देवराज झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन लढाईत पडलाय आणि झोप व मृत्यू हे दोघं भाऊ त्याला अलगद उचलून नेताहेत, असं त्यावर चित्र आहे. देवांच्या राजालाही आपला पोरगा वाचवता आला नाही. पुढे ते भांडं इटलीतल्या एका थडग्यातून चोरीनं काढलेलं निघालं आणि २००८ साली इटलीला परत करावं लागलं. अथेन्समध्ये असली रंगीत भांडी दोन-तीन दिवसांच्या मजुरीत मिळत, असं अभ्यासक सांगतात. दोन-तीन दिवसांच्या मजुरीचे दहा लाख डॉलर! कुठल्याही फिक्स्ड डिपॉझिटमध्ये हा व्याजदर मी पाहिलेला नाही.

प्रकल्प असा रंगात आलेला असताना कन्येनं विचारलं, "बाबा, यांची एवढी मडकी आहेत. आपली कुठायत?"

"तुझी आजी माळ्यावर ठेवायची," असं हिनं आतून सांगितलं. पण प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मग पुस्तकांची दुसरी खेप आणली.

आपलीही होती. संगमनेर तालुक्यात प्रवरा नदीकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि तांबूस अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली भांडी निघाली. टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी. गावाच्या नावावरून त्या संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. पुढे शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी खणाखणी केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी मंडळी त्यात होती. आख्खं गाव निघालं. घरं, धान्याच्या कणग्या, कुंभाराची भट्टी, आणि खापरं, खापरं, खापरं. इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० हा जोर्वेवाल्यांचा काळ. म्हणजे एक्सेकिआसचे खापरपणजोबा अजून रांगत होते तेव्हा आमचे कुंभार त्रिकोण, चौकटी आणि वेलांट्या काढून मोकळे झाले होते. एका भांड्यावर तर बैलगाडीचं चित्रही सापडलं आहे.

गंमत म्हणजे त्या काळाच्या शेवटी शेवटी ग्रीकही तेच करत होते. नुसत्या रेघा आणि चौकोन. मग त्यांच्या रेघांना हळूहळू हातपाय फुटले. इसवी सनापूर्वी साडेसातशेच्या सुमाराचा पाच फुटांहून उंच असा एक घडा अथेन्सला आहे. एका बाईच्या थडग्यावर तो उभा केला होता. सगळ्या अंगावर भूमितीची वही, आणि मधोमध एका पट्टीत निजलेलं प्रेत आणि डोक्यावर हात घेऊन रडणारी काटकुळी माणसं. तिथून पुढे ते गोष्टीकडे गेले. आणि आमची मंडळी त्याच सुमाराला इनामगाव सोडून गेली. पाऊसमान बिघडल्यामुळे गेली, असं ढवळीकर म्हणत.

जाताना काय मागे ठेवून गेली? त्या घरांच्या जमिनीखाली जोडीजोडीनं पुरलेले घडे सापडले. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत तान्ह्या मुलांची हाडं. मूल गेलं की त्याला दूर नेत नसत, घरातच, पायाखालच्या मातीत, मडक्याच्या पोटात ठेवत. त्यावर कुठली पुराणकथा रंगवलेली नाही. तिथे झोप आणि मृत्यू हे भाऊ आले नव्हते. आई होती, एवढं नक्की.

हे मी कन्येच्या वहीत लिहिलं नाही. तिला सांगितलं फक्त.

मडक्याशी आपला संबंध पाळण्यापासून सुरू होतो की नाही ठाऊक नाही, पण शेवट त्याच्यापाशीच होतो. माझे वडील गेले तेव्हा खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन मी तीन फेऱ्या घातल्या. दर फेरीला मागून एकानं दगडानं एकेक भोक पाडलं. मग मागे न बघता ते टाकायचं. फुटल्याचा आवाज ऐकायचा आणि चालू लागायचं. ग्रीकांनी मृतासाठी मडकं उभं केलं, आम्ही फोडलं. आपल्याकडे संक्रांतीचं सुगड असो, नवरात्रातला घट असो, लग्नातली चितारलेल्या मडक्यांची उतरंड असो, ते दिवसापुरतं. हळदीकुंकवाच्या रेघा ओढायच्या, काम झालं की विसर्जन. गोष्टी जपायला आपण मडकं निवडलंच नाही. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं अंबरनाथचं शिवालय घ्या. शके ९८२, म्हणजे १०६० सालचं. देव, देवी, सुरसुंदरी, सगळा परिवार दगडात कोरून ठेवला आहे.

तरीही खापरं टिकली, आणि त्याचं कारण मी कॉमर्सवाला म्हणून सांगतो. मडक्याला मोड येत नाही. तांब्याचा हंडा जुना झाला की भांडेवाला वजन करून पैसे देतो आणि हंडा वितळतो. सोनं वितळतं, चांदी वितळते, काशाचे पुतळे वितळतात. ग्रीकांच्या थोर चित्रकारांनी भिंती रंगवल्या होत्या, त्या पडल्या. राहिलं काय? तर ज्याची मोड शून्य, ते. फुटल्यावर खापराला कुणी हात लावत नाही, आणि भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही, वाळवी खात नाही. घसारा शंभर टक्के, आयुष्य अमर्याद. हे आमच्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात नाही.

अथेन्सवाले खापराचाही उपयोग करत. गावातला एखादा पुढारी डोईजड झाला की लोक खापरीवर त्याचं नाव खरडून टाकत. निदान सहा हजार खापऱ्या पडायला हव्यात. मग ज्याचं नाव जास्त, त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. १९३७ साली तिथल्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या १९० खापऱ्या एकगठ्ठा सापडल्या. तज्ज्ञांनी अक्षरं ताडून पाहिली, तर सगळ्या मिळून चौदाच जणांच्या हातच्या! रोज सह्या पडताळणाऱ्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं. वाटलं, त्या विहिरीपाशी तेव्हा आपल्यासारखा एखादा कारकून असायला हवा होता.

तर सहीचा मुद्दा. आपण नाव घालत नाही असं नाही. तुमच्या घरातलं कुठलंही स्टीलचं पातेलं उलटं करा. 'चि. सौ. कां. अमकीस मामा-मामींकडून सप्रेम भेट', खाली तारीख. भांड्याच्या दुकानात ते कर्र-कर्र वाजणारं यंत्र दातांतून मेंदूत जातं. पण नाव कुणाचं? देणाऱ्याचं. पातेलं केलं कुणी, ते पातेल्याला ठाऊक.

ही रीत आजची नाही. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर लेख आहेत, ते दान देणाऱ्यांचे. त्यांत धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे कितीतरी 'यवन' आहेत. हो, यवन! ग्रीकांना आपण तेच म्हणत असू. जुन्नरला इरिल नावाच्या एका यवनानं पाण्याच्या दोन पोढी खोदवल्या. नाशिकच्या लेण्यातल्या यवनाचं नाव तर इंद्राग्निदत्त, बाप धर्मदेव. म्हणजे 'मला अमक्यानं घडवलं' म्हणणाऱ्या ग्रीकांचे भाऊबंद आपल्याकडे आले आणि गुण्यागोविंदानं 'सप्रेम भेट' लिहू लागले.

इतकंच नव्हे, ते अगदी आमच्या दारापर्यंत येत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक माणसानं व्यापाऱ्यांसाठी 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात 'कल्लिएना' आहे. ते आपलं कल्याण! तो लिहितो की पूर्वी हे बंदर रीतसर चालू होतं, पण आता चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजं धरतात आणि पहाऱ्यात भडोचला नेतात. कल्याणला गाडी अडकून पडण्याची परंपरा किती प्राचीन आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं तेव्हा मी कल्याणच्या सिग्नललाच उभा होतो.

आता करणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असं आपल्याकडे कुणालाच सुचलं नाही का? एकाला सुचलं. पितळखोऱ्याच्या लेण्यात एक ठेंगणा, हसरा यक्ष सापडला. त्याच्या हातावर लिहिलं आहे की कण्हदास नावाच्या सोनारानं हा केला. मला वाटतं, सोनाराला आपण केलेला दागिना दुसऱ्याच्या नावावर जाताना रोज बघावा लागत असेल. एकदा दगड हाती आल्यावर त्यानं हिशेब पुरा केला.

आणि कुंभार? कुंभाराचं नाव शोधत मी त्या पेरिप्लसमधूनच एका गावी पोचलो. पैठणच्या पुढचं एक मोठं गाव म्हणून त्यात 'तगर' दिलं आहे. ते म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आणि तेर म्हणजे कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. गोरोबाकाका! संत गोरा कुंभार, तेराव्या शतकातले. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना पायाखाली आपलं तान्हं मूल आलेलं त्यांना कळलं नाही, ही कथा लहानपणी ऐकून मी रात्रभर झोपलो नव्हतो. आणि दुसरी कथा : सगळे संत जमले असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं, कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कुरकुरले, आणि कच्चे ठरले.

तेव्हा उजेड पडला. ग्रीकांनी गोष्ट मडक्यावर काढली. आपण कुंभारालाच गोष्टीत घातलं. एक्सेकिआसची मडकी आहेत, सही आहे, पण तो माणूस कसा होता, त्याची बायको त्याला काय म्हणे, कुणाला काही माहीत नाही. गोरोबांचं एक खापर दाखवता येणार नाही, पण त्यांच्या पायाखाली काय आलं ते वारीला निघालेल्या बाईला विचारा, ती डोळे पुसत सांगेल. दोन्ही रीती चांगल्या. फक्त दुसऱ्या रीतीत संत व्हावं लागतं. बाकीच्या कुंभारांचं काय?

आणि कारकुनांचं? दिवसभरात मी काही शे कागदांवर आद्याक्षरं करतो. ठरलेली वर्षं भरली की ते कागद फाडून टाकायचा नियम आहे. गिऱ्हाईक मला रोज बघतं, पण 'तुमचं नाव काय हो?' असं विचारतं ते तक्रारीचा अर्ज लिहायला घेतल्यावरच.

गेल्या रविवारी माठ आणायला बाजारात गेलो. कुंभारबाबांनी दोन-तीन माठ वाजवून दाखवले. एक निवडला, पैसे दिले आणि विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

ते एकदम सावध झाले. "का हो? मागचा गळला का?"

"नाही हो. सहज विचारतोय."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. घरी येऊन मी माठाच्या बुडाशी ते नाव कन्येच्या मार्करनं नीट, ठळक अक्षरांत लिहिलं. संध्याकाळी हिनं माठ तिवईवर ठेवायला उचलला, चष्मा लावून अक्षरं वाचली आणि म्हणाली, "अहो, हे कोण? यांच्याकडून भेट आलाय का? मग आपल्यालाही काहीतरी द्यायला हवं."